पळीच्या वाटचा भात

खोक्यांच्या कारखान्यात तिचं खरं नाव पगार वाटणाऱ्या कारकुनाला तेवढं ठाऊक असावं. बाकी सगळे तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे ठसकाबाई. कढईत मिरची पडली की पुठ्ठा कापणारी माणसं यंत्रापाशी खोकत सुटायची, आणि बाईची जीभ सुटली की तीच माणसं खोकायचंही विसरायची.

नवरा गेला तेव्हा मुलगी कडेवर होती. कुणापुढे हात पसरायचा नाही म्हणून ती कँटीनमध्ये भांडी घासायला लागली. भांड्यांवरून भाजी चिरण्यावर आली, आणि मोठा आचारी एका दुपारी रुसून निघून गेला तेव्हा मोठ्या चुलीपाशी जी उभी राहिली ती राहिलीच. मुलगी शिकली, लग्न होऊन दूर गेली. बाईचे गुडघे कुरकुरायला लागले. पण तिच्या हाताखालून अळणी ताट कधी गेलं नाही. "अळणी वाढायचं असेल तर वाढूच नये, त्यापेक्षा माणसाला सरळ हाकलून द्यावं," असं ती म्हणायची. या एका बाबतीत तिने कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं.

कँटीनच्या मागच्या दाराशी, रिकाम्या खोक्यांच्या थप्पीच्या आडोशाला, कायम एखादं कुत्रं असायचं. अशी कुत्री कुठून येत कुणास ठाऊक, पण एखादं आलं की बाई त्याला नाव देऊन मोकळी व्हायची, आणि नावं सगळी स्वयंपाकघरातली. आधी झारा होता. मग वाटी आली. मग खलबत्ता नावाचं एक धिप्पाड कुत्रं होतं, ज्याला बघून टेम्पोवाले खाली उतरायला कचरायचे. आणि आता होती पळी. अंगाने काटकुळी, शेपूट लांबलचक, आणि बाईचा आवाज आला की त्या शेपटीने खोकी पाडणारी. मुलीच्या फोनची वाट बघत संध्याकाळ काढण्यापेक्षा पळीशी चार शब्द बोलणं बाईला बरं वाटायचं. पळी उलट उत्तर देत नसे, हा एक मोठाच गुण.

या कुत्र्यांचं जेवण हा बाईच्या अभिमानाचा विषय होता. दुपारची जेवणं उरकली की ती पातेल्याच्या तळाची भाताची खरवड काढायची, आणि ज्या कढईत कांदा-लसूण परतून रस्सा केला असेल ती कढई त्या भाताने पुसून घ्यायची. तळाचं तेल, चिकटलेला कांदा, मीठ, मसाला, सगळं भाताला लागायचं. वर रस्स्याचा एक डाव. अर्धा भात दुपारी, अर्धा तसाच झाकून संध्याकाळी. "मुकं जनावर झालं म्हणून त्याला जीभ नसते काय?" असं ती विचारायची. खोकी चिकटवणारा एक जण तर नेहमी म्हणायचा, "बाई, पुढच्या जन्मी मला तुमचा कुत्रा करा, रस्सा तरी पोटभर मिळेल."

फाटकावर एक पहारेकरी होता. त्याला सगळे गुपचूप म्हणत, कारण तो दिवसात जेमतेम दहा वाक्यं बोलायचा, आणि त्यातली निम्मी गाड्या मागेपुढे घेण्याची. पळी दिवसा बाईची आणि बाई घरी गेली की गुपचूपची. एकदा काय झालं, तो चहाचा पेला परत द्यायला खिडकीशी आला आणि चुळबुळत उभा राहिला.

"बाई, पळीला नुसता भात दिलात तर? मऊ शिजवून, बिनमिठाचा?"

"का रे? तिच्या पोटात दुखतंय असं तुला येऊन सांगितलं तिने?"

"तसं नाही. पण आमच्या घरी एक कुत्रं होतं, तेव्हा..."

"तेव्हा तू त्याला अळणी भात घालून मारलंस. पुढे?" बाई म्हणाली. मागे जेवायला बसलेले सगळे खदखदून हसले. "उद्या मला चूल कशी पेटवायची ते शिकवायला ये. फाटक उघडायचं आणि लावायचं, तेवढं नीट कर."

तो कानापर्यंत लाल झाला आणि निघून गेला. त्यानंतर भाताचा विषय त्याने काढला नाही. काढणार कसा? बाईसमोर दुसऱ्यांदा तोंड उघडायला माणसाला दोन तोंडं लागायची.

मग ते जादा कामाचं झालं. मोठी मागणी आली म्हणून माणसं उशिरापर्यंत थांबणार होती. बाईने परातभर कांदा चिरून लालसर परतून ठेवला, आणि ऐन वेळी पुठ्ठ्याची गाडी येत नाही असा निरोप आला. काम रद्द, माणसं घरी. परतलेला कांदा टाकून देणं बाईच्या जिवावर आलं. "चला, पळीची चैन," ती म्हणाली. पुढचे काही दिवस पळीच्या ताटलीत भातापेक्षा कांदाच जास्त दिसायला लागला, आणि पळी ताटली चाटून अशी लख्ख करायची की घासायची गरज उरू नये.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी बाई घरी निघाली आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आली. मागच्या दाराशी गुपचूप उकिडवा बसला होता. एका गुडघ्याने त्याने पळीला अडवून धरलं होतं, आणि दुसरा हात पळीच्या ताटलीत होता. त्याने ताटलीतलं काहीतरी उचलून भिंतीपलीकडे भिरकावलं. मग स्वतःच्या डब्यातून काहीतरी काढून त्या भातात कालवलं.

"काय रे करतोस?"

तो ताडकन उठला. डब्याचं झाकण हातातून पडलं. "काही नाही, बाई."

बाईला घाई होती. तिने चष्मा घेतला आणि ती गेली.

दोन-तीन दिवसांनी पळी उठेना. बाईने हाक मारली तर शेपटीचं टोक तेवढं हललं. भाताकडे तिने तोंड फिरवलं. बाईने तिला उचलून उभं केलं तर मागचे पाय लटपटले आणि ती तिथेच बसून मुतली. ते पाणी कोऱ्या चहासारखं काळपट होतं. बाई त्याकडे बघतच राहिली. आणि मग तिला ती संध्याकाळ आठवली. ताटलीतला हात आठवला, डबा आठवला, ते 'काही नाही, बाई' आठवलं.

दुपारी सगळे जेवायला बसले होते. गुपचूप आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसला होता. बाई डाव हातात घेऊनच चुलीपासून निघाली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय घातलंस तिच्या भातात?"

त्याने मान वर केली. "कुणाच्या?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस! माझ्या या डोळ्यांनी बघितलंय मी. डब्यातून काढून कालवत होतास. मी विचारलं तर बोबडी वळली तुझी. विष घातलंस तू तिला!"

सगळ्यांचे घास हातात राहिले. तो उभा राहिला. "बाई, मी तर त्यातलं..."

"एक शब्द बोलू नकोस! मुक्या जिवावर हात टाकलास. तुझ्या हाताला किडे पडतील!"

मोठे साहेब आवाज ऐकून आले. त्यांनी गुपचूपला विचारलं, ताटलीत हात घातला होतास का? तो हो म्हणाला. डब्यातून काही टाकलंस का? तो हो म्हणाला. काय टाकलंस, म्हटल्यावर तो म्हणाला, "भात." आणि कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं. भातात भात कालवणारा माणूस कुणी पाहिला होता? साहेबांनी त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्याने डबा बंद केला, शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तो फाटकाबाहेर गेला. बाईच्या जिवाला त्या क्षणी थंडावा वाटला. हे सांगायलाच हवं, कारण पुढे तिला याचंच सगळ्यात जास्त लागलं.

टेम्पोवाल्याच्या गाडीत खोक्यांच्या मधे गोणपाट अंथरून तिने पळीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मुलीच्याच वयाच्या. त्यांनी पळीला पत्र्याच्या टेबलावर घेतलं, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. लघवीचं विचारलं. सुईने थोडंसं रक्त काढून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या.

"विष आहे ना?" बाई म्हणाली. "तसं लिहूनच द्या मला. त्या मेल्याला आत टाकायचंय."

"ही खाते काय?"

"चांगलं खाते! उकिरड्यावरचं नाही हं." एवढ्या काळजीतही बाईचा ऊर भरून आला. "भात खाते. आणि नुसता भात नाही, मी दुसऱ्यासारखं अळणी घालत नाही. भरपूर कांदा-लसूण परतायचा, मग मसाला, मग त्याच कढईत भात घोळवायचा. या आठवड्यात तर परातभर परतलेला कांदा होता, सगळा हिलाच घातला."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, त्या थांबल्या.

"कांदा रोज असतो?"

"रोज म्हणजे? कांद्याशिवाय भाताला चव कुठून येणार?"

"बाई, कांदा कुत्र्यांना विष असतो."

बाई हसली. अगदी खरंखुरं हसली. टेम्पोवाल्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस का? म्हणे कांदा विष!" टेम्पोवाला हसला नाही. तो डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघत होता.

"कच्चा असेल, तो होय?" बाईने विचारलं.

"कच्चा, शिजलेला, वाळवलेला, सगळाच. लसूणसुद्धा. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. एकदम भरपूर खाल्ला तर काही दिवसांत कुत्रं असं पांढरं पडतं. रोज थोडा थोडा खाल्ला तरी आतल्या आत नुकसान होत राहतं."

"पण माणसं खातात की! आमच्या कारखान्यातली एवढी माणसं खातात, त्यांना..."

"माणसांचं रक्त वेगळं, बाई."

बाईने टेबलाची कड धरली.

"मग भात..." ती कशीबशी म्हणाली.

"भाताचा काही दोष नाही. भात चांगला. पण नुसता, मऊ शिजवलेला, बिनमिठाचा. तेल नको, मसाला नको. गार करून, थोडाच द्यायचा, सोबत उकडलेलं अंडं किंवा मांस, तेही साधंच. नुसत्या भातावर कुत्रं धड जगत नाही. आणि दुपारचा भात उबेत ठेवून संध्याकाळी घालत असाल तर तेही बंद करा."

नुसता. मऊ शिजवलेला. बिनमिठाचा. बाईने हे आधी ऐकलं होतं, याच शब्दांत, चहाचा पेला हातात घेतलेल्या माणसाच्या तोंडून. आणि तिला एकदम ती संध्याकाळ पुन्हा दिसली, आणि या वेळी ती जशी होती तशी दिसली. तो ताटलीत काही घालत नव्हता. वेचत होता. भातातला कांदा एकेक करून वेचून भिंतीपलीकडे टाकत होता, आणि जेवढा भात कमी झाला तेवढा स्वतःच्या डब्यातला कालवत होता. 'मी तर त्यातलं...' तो एवढंच म्हणू शकला होता. पुढचं तिने म्हणू दिलं नव्हतं. साहेबांनी विचारलं तेव्हा तो भात म्हणाला, तो भातच होता.

"अगं बाई," ती म्हणाली, स्वतःलाच. "अगं बाई, अगं बाई."

"आधीही कुत्री होती तुमच्याकडे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांनी सहज विचारलं असेल.

वाटी सारखी दमायची. चालता चालता बसायची. बाई म्हणायची, आळशी आहे. मग एका सकाळी ती उठलीच नाही, तेव्हा बाईने टेम्पोवाल्यांना शिव्या दिल्या, की कुणीतरी चाक घातलं असणार. खलबत्ता एवढा धिप्पाड, तोही शेवटी असाच मान टाकून पडायचा. त्याच्या अंगात बळ यावं म्हणून बाईने त्याला आठवडाभर कांद्याचा दाट रस्सा भरवला होता. हाताने भरवला होता. तो गेल्यावर तिने स्वतः खड्डा खणला होता आणि दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

"ती कुत्रीही कांद्यानेच गेली?" बाईने विचारलं.

"ते आता सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित दुसरंही काही असेल."

नाही म्हणाल्या असत्या तर ती रडली असती, हो म्हणाल्या असत्या तरी रडली असती. हे 'सांगता येणार नाही' घेऊन काय करायचं ते तिला कळेना. पळीला सलाईन लावून ठेवून घेतलं. वाचेल का, या प्रश्नालाही उत्तर तेच होतं.

दुसऱ्या दिवशी बाईने स्वयंपाक केला, वाढला, आणि सगळे अर्ध्या जेवणात असताना चुलीपुढे येऊन उभी राहिली. मोठ्या साहेबांना तिने आधीच बोलावून घेतलं होतं.

"पळीला विष मी घातलं," ती म्हणाली. "माझा कांदा होता. तो बिचारा वेचून काढत होता. माझ्या भीतीने बोलला नाही. मी त्याला चारचौघांत विष घालणारा म्हटलं, म्हणून चारचौघांतच सांगते."

खोकी चिकटवणाऱ्याने हातातल्या घासाकडे संशयाने पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला. एरवी बाईने त्याची चामडी लोळवली असती. साहेब म्हणाले, "ठीक आहे, येऊ दे त्याला उद्यापासून," जणू कुणी रजेवर गेला होता.

त्याचं घर शोधत ती संध्याकाळी गेली. दार बायकोने उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही.

"कालपासून आमच्या गल्लीत मुलं ओरडतात, विषवाला आला म्हणून," ती म्हणाली. "दुधाच्या रांगेतसुद्धा बायका सरकून उभ्या राहतात. तुम्ही त्या कँटीनच्या बाई ना?"

"हो, मीच ती," बाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आतून गुपचूप आला. त्यानेच पहिल्यांदा विचारलं, "पळी कशी आहे?"

"आहे अजून. तू सांगत होतास रे. मी ऐकलं नाही. तोंड आहे की भट्टी, देव जाणे. माफ कर म्हणायलासुद्धा मला तोंड नाही."

त्याने चपला घातल्या आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागला. बाई मागोमाग गेली.

पळी जगली. कशी ते डॉक्टरीणबाईंनाच माहीत. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त तिला चढवलं, आणि हळूहळू हिरड्यांवर फिकट गुलाबी रंग आला. घरी सोडायच्या दिवशी दोघंही टेबलाशी उभी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हिला उघड्यावर ठेवू नका. कुणाच्या तरी घरी राहू दे, आणि एकाच माणसाने सांभाळून खायला घालायचं. कोण नेणार?"

बाईने तोंड उघडलं. घरात तिने आदल्या रात्रीच जुनी रजई घालून जागा करून ठेवली होती. कारखान्यातून रोज रिकाम्या घरात जायचं, कुलूप काढायचं, दिवा लावायचा, आणि आता निदान एक शेपूट हलली असती. तिने पळीकडे पाहिलं, मग पळीच्या पायाला अजून चिकटलेल्या पट्टीकडे.

"याच्याकडे," ती म्हणाली. "याच्याकडे जाईल ती."

गुपचूपने तिच्याकडे पाहिलं, आणि नको-नको असं काही केलं नाही. त्याने पळीला उचललं. कारखान्यात तो परत आला नाही. लाकडाच्या वखारीवर त्याला पहाऱ्याचं काम मिळालं, आणि त्याच्या जागी आलेला माणूस एवढा बडबड्या होता की बाईचं डोकं उठायचं.

सुटीच्या दिवशी बाई पळीला बघायला गेली. सोबत काय न्यावं ते तिला कळेना, म्हणून ती रिकाम्या हाताने गेली. आयुष्यात कुणाच्या घरी ती अशी गेली नव्हती. या वेळी बायकोने दार उघडून तिला वाट दिली.

अंगणात पळी बसली होती. अजून हडकुळी, पण बसलेली. बाईचा पायरव ऐकला मात्र, ती उठली, शेपटीने बादली पाडली आणि धडपडत येऊन बाईच्या हातांना भिडली. बोटं हुंगायला लागली, चाटायला लागली, आनंदाने कुईकुई करत एकेक बोट तोंडात घ्यायला लागली. सकाळीच बाईने घरी स्वतःपुरता कांदा चिरला होता.

बाईला ते एकदम कळलं. तिने दोन्ही हात झटक्याने पाठीमागे घेतले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पळीला काही समजेना. ती मागे जाऊन हात शोधायला लागली, तशी बाई भिंतीला आणखी दाबून उभी राहिली. कुत्र्यापुढून हात लपवायची वेळ तिच्यावर आली होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, ते पुसायलाही हात मोकळे नव्हते.

गुपचूप उठला. त्याने पळीला मानेला धरून मागे घेतलं.

"बाई, मोरी तिकडे आहे," तो म्हणाला. "साबण खिडकीत आहे."